पत्रे वाचणारा संपादक: मार्टिन गार्डनर आणि मनोरंजक गणिताचे सदर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतात, त्यांचे एम. ए. हिंदी साहित्यात झाले आहे आणि तेथील एका मराठी मंडळाच्या त्रैमासिकात मनोरंजक गणिताचे सदर चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले आहे. मार्टिन गार्डनर यांनी गणिताची पदवी नसताना पाव शतक असे सदर चालवले, असे त्यांच्या वाचनात आले. हे खरे आहे का, खरे असल्यास त्यांना ते कसे साधले, आणि पदवीवाचून हे काम आपल्याला झेपेल का, असे त्यांनी विचारले आहे. याच गावात, याच प्रकारच्या एका अंकात मी बावीस वर्षे असे सदर सांभाळले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

होय, ते खरे आहे. गार्डनर यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९१४ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टल्सा येथे झाला. शिकागो विद्यापीठातून १९३६ साली त्यांनी पदवी घेतली ती तत्त्वज्ञानाची. महाविद्यालयात गणिताचा अभ्यासक्रम त्यांनी घेतलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, परतल्यावर कथा लिहून विकू लागले, आणि १९५० नंतरच्या दशकात सुमारे आठ वर्षे त्यांनी ‘हम्प्टी डम्प्टीज मॅगझिन’ या लहान मुलांच्या मासिकात काम केले. पान कापून, दुमडून किंवा त्याला भोक पाडून काहीतरी तयार होईल अशी करामत दर अंकासाठी शोधून काढणे हे तिथले त्यांचे काम होते. त्यांच्याविषयी लिहिणारे हा भाग दोन ओळींत उरकतात. माझ्या मते त्यांची खरी उमेदवारी तिथेच झाली. पाच-सहा वर्षांच्या वाचकाला सूचना कळली नाही तर तो संपादकाला दोष देत नाही, कागद टाकून निघून जातो. ते आठ वर्षे पाहिलेला माणूस पुढे कितीही अवघड विषयावर लिहो, वाक्य संदिग्ध ठेवत नाही.

सदराचा आरंभही कागदाच्या घडीतूनच झाला. आर्थर स्टोन हा इंग्रज विद्यार्थी १९३९ साली प्रिन्स्टन येथे शिकत होता. अमेरिकन कागद त्याच्या इंग्लंडहून आणलेल्या वहीत मावत नसे, म्हणून तो कडेची पट्टी कापून टाकी. त्या पट्ट्या हाताशी दुमडता दुमडता त्याला असा षट्कोन सापडला की जो मध्यातून उमलवला की आधी न दिसलेली बाजू वर येते. जॉन ट्युकी, ब्रायंट टकरमन आणि रिचर्ड फाइनमन हे त्याचे मित्र त्या घडीच्या मागे लागले. गार्डनर यांना ही गोष्ट बऱ्याच वर्षांनी एका जादूगार मित्राकडून कळली. ते प्रिन्स्टनला गेले, शोधकर्त्यांना भेटले आणि डिसेंबर १९५६ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा लेख आला. लेख गाजला. प्रकाशक जेरार्ड पील यांनी विचारले की, दर महिन्याला सदर चालेल इतका मजकूर या विषयात आहे का. गार्डनर यांनी होकार दिला आणि तिथून निघून न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली, कारण मनोरंजक गणितावरची पुस्तके त्यांच्या घरी जवळजवळ नव्हतीच. जानेवारी १९५७ पासून सदर सुरू झाले आणि सुमारे २५ वर्षे चालले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथून सुरू होते. पदवी नसतानाही त्यांना ते जमले, असे आपण सहज म्हणतो, पण त्यांचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. एखादा विषय समजायला आपल्याला वेळ लागतो, म्हणूनच वाचकाला समजेल असे आपण लिहू शकतो, असे ते सांगत. ही नम्रता मानून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ज्याला पायरी चढताना ठेच लागली असते तोच ती पायरी दाखवतो. तरीही एवढ्यावर पाव शतक निघत नाही. ते निघाले पत्रव्यवहारावर. गणितज्ञ, जादूगार, अभियंते, शाळकरी मुले, गृहिणी, तुरुंगातले कैदीही त्यांना पत्रे लिहीत. ते ती वाचत, एकाचे पत्र त्या विषयातल्या दुसऱ्याकडे पाठवीत, उत्तरे मागवीत आणि सदरात नावानिशी श्रेय देत. जॉन कॉनवे यांचा ‘लाइफ’ हा खेळ ऑक्टोबर १९७० मध्ये आणि रिव्हेस्ट, शमिर व एडलमन यांची गुप्तलेखनाची पद्धत ऑगस्ट १९७७ मध्ये सामान्य वाचकापर्यंत पोचली ती याच वाटेने. त्या दुसऱ्या लेखात १२९ अंकी एका संख्येचे अवयव पाडण्याचे आव्हान होते आणि १०० डॉलरचे बक्षीस. ती संख्या १९९४ साली, शेकडो संगणकांच्या एकत्र मेहनतीने फुटली.

पत्रांचे मोल काय, हे मार्जरी राइस यांच्या हकिकतीवरून चांगले कळते, आणि मी नवीन संपादकाला ती नेहमी सांगतो. एकाच आकाराच्या पंचकोनी फरश्यांनी जमीन फट न ठेवता कितीप्रकारे झाकता येते, हा प्रश्न जुना आहे. षट्कोन किंवा त्रिकोण असेल तर उत्तर सोपे आहे, पंचकोनात अडते, कारण नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असतो आणि १०८ ने ३६० ला भाग जात नाही. म्हणून वाकडेतिकडे पंचकोन शोधावे लागतात. रिचर्ड कर्शनर यांनी १९६८ साली आठ प्रकार देऊन यादी पूर्ण झाल्याचे म्हटले. गार्डनर यांनी जुलै १९७५ मध्ये त्यावर लिहिले, आणि लगेच रिचर्ड जेम्स या वाचकाने नववा प्रकार पाठवला. सॅन दिएगो येथे राहणाऱ्या राइसबाईंचे गणित शाळेपुरतेच झाले होते. मासिक घरी येत होते ते मुलासाठी. त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढायला सुरुवात केली, कोणी आले की कागद झाकून ठेवीत, आणि कोन व बाजू नोंदवण्यासाठी स्वतःची एक खुणांची लिपीही तयार केली. त्यांचे पत्र आले तेव्हा गार्डनर यांनी ते या विषयाच्या जाणकार डॉरिस शॅटश्नायडर यांच्याकडे पाठवले. अनोळखी लिपी होती, तरी शॅटश्नायडरबाईंनी ती समजून घेतली. राइस यांनी १९७७ पर्यंत चार नवे प्रकार शोधले. पंधरावा प्रकार २०१५ साली सापडला, आणि यापुढे नवा नाही हे मिशेल राव यांनी २०१७ साली दाखवले. आता विचार करा, ओट्यावर काढलेल्या विचित्र खुणांचे ते पत्र केराच्या टोपलीत जाणे किती सोपे होते. गार्डनर यांना त्या खुणा कळल्या नसतील तरी हरकत नव्हती. हे पत्र कोणाला दाखवावे हे त्यांना कळत होते. साहित्याची पदवी या कामाच्या आड येत नाही.

हे वैभव मोठ्या मासिकाचे होते, हे मान्य. सगळ्यांना ते मिळत नाही. जोसेफ मॅडाची हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९६१ साली ‘रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स मॅगझिन’ काढले, ते १९६४ मध्ये थांबले, आणि १९६८ पासून निघू लागलेल्या ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’चे संपादन ते दीर्घकाळ करीत राहिले. त्यांचे वाचक थोडे, पण तेच लेखकही. तुमचे त्रैमासिक या जातीचे आहे, गार्डनर यांच्या नव्हे: अडीचशे घरे, त्यांतली तीस-चाळीस कोडे सोडवणारी, आणि त्यांतली पाच-सहा कोडे पाठवणारी. ही पाच-सहा घरे ओळखून ठेवा.

आता आपल्या गावाकडे येतो, कारण इथल्या अडचणी कोणत्याही परदेशी पुस्तकात नाहीत.

हेन्री डुडनी यांनी ‘स्ट्रँड’ मासिकात १९१० पासून १९३० साली निधन होईपर्यंत कोड्यांचे सदर चालवले, आणि जुलै १९२४ मध्ये इंग्रजी अक्षरांच्या बेरजेचे ते प्रसिद्ध कोडे दिले, SEND + MORE = MONEY, ज्यात प्रत्येक अक्षराच्या जागी एक अंक बसवायचा असतो आणि ज्याचे एकमेव उत्तर ९५६७ + १०८५ = १०६५२ असे येते. ते पाहून मला वाटले, मराठीत असे का नसावे? पहिली अडचण लिपीची. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते. आपल्याकडे ‘क’, ‘का’ आणि ‘क्र’ यांना एकच अंक द्यायचा की तीन, हे आधी ठरवावे लागते. मी ठरवले की, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षर नसलेलेच शब्द घ्यायचे. मोठ्या अभिमानाने कोडे छापले: घर + घर = नगर. घराला घर जोडले की नगर होते, ही कल्पनाच मला इतकी आवडली होती की मला सापडलेल्या एका उत्तरावर मी थांबलो. माझे उत्तर होते ८० + ८० = १६०.

आठवड्याभरात पोस्टकार्डे आली. दौलतगंजातून एकाचे उत्तर ६० + ६० = १२०, दुसऱ्या घरून ७० + ७० = १४०, तिसऱ्या घरून ९० + ९० = १८०. सगळी बरोबर. ‘र’ची दुप्पट पुन्हा ‘र’वरच संपायची तर तिथे शून्यच हवे, ‘न’ला एक हवा, आणि ‘घ’ सहापासून नऊपर्यंत काहीही चालतो. हे मला दोन मिनिटांत कळायला हवे होते. एका आजोबांनी ५० + ५० = १०० असे कळवले, कारण दोन निराळ्या अक्षरांना एकच अंक चालणार नाही, हा नियम मी छापलाच नव्हता. एका मुलाने २० + २० = ०४० लिहिले; शब्दाच्या आरंभी शून्य नको, हेही मी लिहिले नव्हते. पुढच्या अंकात मी चूक कबूल करून नियम छापला, ‘भिन्न अक्षरांना भिन्न अंक’, तर हिंदी माध्यमातल्या एका मुलीने विचारले की, अक्षरांच्या जागी अपूर्णांक कसे लिहायचे. तिच्या शाळेत अपूर्णांकालाच ‘भिन्न’ म्हणतात. कोडे शेवटी दुरुस्त झाले तेही वाचकाच्याच पत्राने: नगराच्या सात समान पेठा पडल्या पाहिजेत, म्हणजे ‘नगर’ या संख्येला ७ ने निःशेष भाग गेला पाहिजे, एवढी अट घाला, असे एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने सुचवले. चार उत्तरांपैकी फक्त १४० उरते. मूळ कोड्यापेक्षा ही दुरुस्ती अधिक देखणी आहे, आणि त्या गृहस्थांचे नाव छापून मी ती दिली.

या भाषेच्या प्रश्नाकडे तुम्ही पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. आपल्या मुलांनी बेरीज-वजाबाकी घरी आजीकडून मराठीत ऐकली असते आणि शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकली असते. मराठी पुस्तकात ‘मूळ संख्या’ लिहिलेले असते, शाळेत ती ‘अभाज्य’ असते, आणि ‘मूळ’ म्हटले की मुलाला वर्गमूळ आठवते. पाढा आणि पहाडा यांत गोंधळ होत नाही, सरासरी आणि औसत यांत होतो. मी पुढे प्रत्येक सदराखाली त्या अंकात आलेले दोन-तीन शब्द दोन्ही भाषांत देऊ लागलो. तुमचे हिंदीचे शिक्षण इथे उपयोगी पडेल. मला ते शब्द शेजारच्या मुलांना विचारावे लागत.

कोड्याची वाक्यरचना तपासणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. गार्डनर यांनाही ते चुकले नाही. एका गृहस्थांना दोन अपत्ये आहेत, त्यांपैकी निदान एक मुलगा आहे, तर दोन्ही मुलगे असण्याची शक्यता किती, हे कोडे त्यांनी १९५९ साली दिले आणि उत्तर एक-तृतीयांश सांगितले. ही माहिती आपल्याला कशी मिळाली यावर उत्तर अवलंबून असते, दोन्हीपैकी एक अपत्य सहज समोर आले आणि ते मुलगा निघाले असेल तर उत्तर अर्धे येते. प्रश्न संदिग्ध होता, हे त्यांनी त्याच वर्षी सदरातच मान्य केले. मी थंडीत ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या निमित्ताने गजकेचे, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत मिठाईचे, कोडे दिले होते: सहा बाय चार खुणांची गजकेची वडी आहे, एका वेळी एकच तुकडा एका रेषेत मोडायचा, तर २४ तुकडे करायला निदान किती वेळा मोडावे लागेल. प्रत्येक मोडीने तुकड्यांची संख्या एकाने वाढते, म्हणून कसेही मोडा, उत्तर २३ च. गजक रेषेत मोडत नाही, तिचा भुगा होतो, असे मुरैन्याकडच्या एका गृहस्थांनी कळवले, आणि ते अगदी खरे आहे. दुसऱ्या वर्षी मी गजकेच्या जागी चिक्की घातली.

मजकुराला आपल्याकडे तोटा नाही, फक्त अतिशयोक्ती आवरावी लागते. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातील विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा, शिलालेख मुलांना नेऊन दाखवा. देवासाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळा यांतले शून्य त्यावर स्पष्ट दिसते. पण तो मजकूर छापताना ‘जगातील पहिले शून्य’ हे शब्द कोणीतरी हमखास घालतो. कंबोडियातील एका शिलालेखात इसवी सन ६८३ चे शून्य आहे. म्हणून मी तो शब्द दर वेळी कापला आणि दर वेळी एखाद्या सभासदाचा रोष ओढवून घेतला. आठवणीत राहील अशी बाब म्हणून सांगतो, गार्डनर यांनी १९५२ साली भोंदू विज्ञानावर एक आख्खे पुस्तक लिहिले होते, आणि तरीही एप्रिल १९७५ मध्ये एप्रिल फूल म्हणून त्यांनी, शेजारचे प्रदेश वेगवेगळ्या रंगांत रंगवायला चार रंग पुरत नाहीत असे सांगत, एक नकाशा छापला. शेकडो वाचकांनी तो चार रंगांत रंगवून पाठवला. अशी थट्टा करायला वाचकांचा वीस वर्षांचा विश्वास पाठीशी लागतो. तुम्ही निदान पहिली पाच वर्षे करू नका.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याशिवाय मराठी सदर सुरू करणे मला पटणार नाही. ते १९०५ साली डहाणू येथे जन्मले, देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते, पदरमोड करून लहान पुस्तिका छापीत, आणि भारतातील अनेक गणितज्ञ त्यांचे काम क्षुल्लक मानीत. गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे हे मास्तर जगाला माहीत झाले. त्यांचा ६१७४ चा स्थिरांक मुलांना लगेच आवडतो: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच फिरत राहते. कापरेकरांचे जन्मवर्ष आणि ग्वाल्हेरच्या मेळ्याचे आरंभवर्ष एकच, १९०५. त्यापासून सुरुवात केली तर ९५१० – ०१५९ = ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४, म्हणजे पुरी सात पावले लागतात. मला हे एका आठवीतल्या मुलाने दाखवले.

पहिल्या अंकासाठी मात्र मी चौरस सुचवेन. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातला चार बाय चारचा कोरीव चौरस द्या: ७, १२, १, १४, २, १३, ८, ११, १६, ३, १०, ५, ९, ६, १५, ४. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज ३४. त्याच्या शेजारी १ ते १६ हे आकडे नुसते क्रमाने चार ओळींत मांडलेला, कसलाही चमत्कार नसलेला चौरस द्या. वाचकाने त्यांतला कोणताही आकडा निवडावा, त्याची आडवी आणि उभी ओळ खोडावी, उरलेल्यांतून पुन्हा निवडावा, असे चार आकडे झाले की बेरीज करावी. तीही ३४ च येते. कारण असे की, या दुसऱ्या चौरसातला प्रत्येक आकडा हा ओळीच्या ०, ४, ८, १२ यांपैकी एकाची आणि स्तंभाच्या १, २, ३, ४ यांपैकी एकाची बेरीज आहे, आणि निवड कशीही केली तरी प्रत्येक ओळ व प्रत्येक स्तंभ एकदाच येतो. २४ आणि १० मिळून ३४. गार्डनर यांचे जानेवारी १९५७ चे पहिले सदर याच तत्त्वावरच्या चौरसाचे होते. हे कारण तुम्ही पहिल्या अंकात छापू नका. दोन्ही चौरसांत ३४ च का, एवढेच विचारा आणि तीन महिने थांबा. नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’त अशा चौरसांचा विचार केला आहे, तो उत्तराबरोबर दुसऱ्या अंकात सांगता येईल.

आता उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर येतील, पोस्टकार्डावर नाहीत. ती वहीत उतरवून घ्या, नाव, तारीख आणि रीत यांसह, चुकलेली उत्तरेसुद्धा. माझ्याकडच्या चुकलेल्या उत्तरांतूनच पुढची निम्मी कोडी निघाली. आणि छापण्यापूर्वी प्रत्येक कोडे एका अशा माणसाला सोडवायला द्या, ज्याला उत्तर माहीत नाही. तो माणूस हवा असेल तर मी आहे. कोडे आधी पाठवा, उत्तर पाठवू नका. मी दोन-तीन दिवस घेईन, माझी उत्तरे कळवीन, मग तुमचे पाहू. स्टोन यांची षट्कोणी घडी देण्याचा विचार असेल तर दहा समभुज त्रिकोणांची पट्टी लागते, त्यांतला शेवटचा चिकटवण्यासाठी. त्रैमासिकाचा कागद तिसऱ्या घडीला फाटतो, म्हणून दुकानात बिलासाठी वापरतात त्या रोलची पट्टी घ्यायला सांगा, आणि आधी स्वतः एक करून पाहा.